कापलेला कोपरा

मानवजातीच्या इतिहासात काही क्षण असे येतात, की त्यांच्यानंतर जग पूर्वीसारखं राहूच शकत नाही. असा एक क्षण आश्विनातल्या एका दुपारी, जळगावात, जिल्हापेठेच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत सुकदेवराव बडगुजर ह्यांच्या वाट्याला आला. पण त्या वेळी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं डिंकानं एकमेकांना चिकटलेली होती, आणि मागून त्यांच्या पत्नी बेबाबाई विचारत होत्या, की कणकेत चमकी कोणी सांडली. इतिहास अशा प्रश्नांसाठी थांबत नाही. सुकदेवरावांनी डाव्या हातानं कात्री उचलली आणि समोरच्या दिवाळीच्या कार्डाचा एक कोपरा तिरपा, सरळ कापून टाकला. मग ते कार्ड हात लांब करून पाहिलं. काळ्या कागदावर खाली एकच पणती, वर सगळा अंधार, आणि अंधाराचा एक कोपरा नाहीसा. कापलेल्या कडेवर त्यांनी दोऱ्याएवढी सोनेरी पट्टी चिकटवली. छातीत काहीतरी हललं. अपचन नव्हतं. हे आपल्याला सुचलं, असं त्यांच्या लक्षात आलं. साहेबांना नाही, दुसऱ्या कोणाला नाही. आपल्याला.

ह्या सुखाची किंमत कळायला अनुरेखकाचा जन्म घ्यावा लागतो. सुकदेवराव उभी नोकरी एका सरकारी खात्यात अनुरेखक होते, म्हणजे साहेबानं काढलेल्या कालव्याच्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरून, साहेबाच्याच रेषेवरून शाईची रेष ओढणारा माणूस. रेष साहेबाची, थरथर मात्र स्वतःची, आणि तीही असता कामा नये. एकदा एका नकाशात साहेबाच्या चहाचा थेंब पडला होता. सुकदेवरावांनी तोही इमानानं उतरवला आणि पुढे काही महिने खात्यात त्या तळ्याबद्दल पत्रव्यवहार चालू होता. निवृत्त झाल्यावर ते रिकामे बसले, तेव्हा त्यांना आढळलं की आपल्या हाताखाली दुसऱ्याचा कागद नसला तर हात कुठे ठेवायचा हेच आपल्याला ठाऊक नाही. मग शेजारच्या मिश्रीलालच्या स्टेशनरीच्या दुकानातून त्यांनी घोटीव कागद आणले, सोनेरी कागद आणला, जिलेटीन आणलं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर पणत्या कोरल्या. कंगव्यावर टूथब्रश घासून रंगाचे फवारे उडवले. त्यात पहिल्यांदा बेबाबाईंची तुळस निळी झाली आणि दुसऱ्यांदा बेबाबाई. घरात कागदाचे कपटे आणि खळीचा आंबूस वास कायमचे मुक्कामाला आले. बेबाबाई म्हणायच्या, "लोक निवृत्त झाले का देवदेव करतात. आमच्याकडे बालवाडी सुरू झाली."

पण कोपऱ्याच्या कार्डानंतर सुकदेवरावांनी तसा ढीगच केला. हार्दिक, मंगलमय, सुखसमृद्धीची वगैरे शब्द त्यांना आता ओंगळ वाटू लागले होते. एवढ्या अंधारात एवढी बडबड कशाला? त्यांनी पणतीच्या खाली पांढऱ्या शाईत एकच शब्द लिहिला: प्रकाशाकडे. आणि त्याखाली, बारीक: बडगुजर परिवार, जळगाव. पाकीट घालायचं नाही, हेही ठरलं. पाकिटात कला दिसत नाही. मागच्या बाजूला तिकीट आणि पत्ता, पोस्टकार्डासारखं उघडं. जळगावातली कार्डं धनत्रयोदशीपासून हातानं वाटायची होती. टपालात त्यांनी आधी एकच टाकलं, धुळ्याचं. खरं म्हणजे बाकीचा सगळा ढीग त्या एका कार्डाला एकटं वाटू नये म्हणून होता, पण हे त्यांनी बेबाबाईंना सांगितलं नाही आणि स्वतःलाही फारसं कळू दिलं नाही. पत्ता त्यांनी नकाशावर गावांची नावं घालतात तशा कोरीव अक्षरांत घातला, श्री. लोटन नाना बडगुजर, देवपूर, धुळे. हस्ताक्षर ओळखलं तर नाना कार्ड न वाचताच फाडतील अशी भीती होती. नाना म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, निवृत्त एसटी ड्रायव्हर. आणि सुकदेवरावांच्या लेकीच्या लग्नापासून त्यांचं धाकट्याशी बोलणं बंद होतं.

धनत्रयोदशीला सकाळी सुकदेवरावांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि पहिलं कार्ड घेऊन ते मिश्रीलालच्या घरी गेले. ओट्यावर मिश्रीलालची आई सायरबाई बसली होती, पायापाशी रांगोळीचं डबडं. "या भाऊ," म्हणून तिनं हात पुढे केला, कार्डाकडे पाहिलं, आणि हात तसाच हवेत राहिला. मग तो मागे गेला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, उंबरठ्याच्या मधोमध उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हळूच म्हणाली, "कुण गयो, भाऊ?"

"कोण गेलं?" सुकदेवरावांनी विचारलं.

"मी बी तेच विचारते. कोण गेलं?"

"कुठे?"

सायरबाईनं बोटानं दाखवलं. बोट कोपऱ्याकडे होतं. जो नव्हता त्याच्याकडे. "आत नका आणू बरं," ती म्हणाली, "घरात लक्ष्मीची मांडामांड चालली आहे. तिथूनच वाचा. मी ऐकते. मग आंघोळ करते."

सुकदेवराव ओट्याखाली उभे राहिले. हातातलं कार्ड एकाएकी वजनदार झालं. सोनेरी पट्टी हलक्या डिंकामुळे कधीच गळून गेली होती. उरला होता काळा कागद, एक दिवा, प्रकाशाकडे असं कोणी तरी गेल्याची बातमी, खाली गेलेल्याचं नाव न सांगणारा परिवार, आणि फाडलेला कोपरा. आपण जन्मभरात एकच गोष्ट स्वतंत्रपणे सुचून केली, आणि ती सगळ्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो. ते पत्र उंबरठ्याच्या आत नेत नाहीत, बाहेर उभं राहून वाचतात, वाचलं की फाडून टाकतात आणि अंगावर पाणी घेतात. हे त्यांनाही माहीत होतं. आपला पत्ता जसा माहीत असतो तसं. आपला पत्ता कोणी स्वतःशी म्हणून पाहतो का?

"दिवाळीचं आहे," ते म्हणाले.

सायरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. लांबच्या नात्यातल्या येड्या पोराकडे बघावं तशी माया होती. "तरी आंघोळ करते," ती म्हणाली.

घरी परत येताना रस्ता तोच होता, पण दोन्ही बाजूंना लटकलेले आकाशकंदील सुकदेवरावांना उगाचच दूरचे दिसत होते, जणू ते कोणा दुसऱ्याच्या नकाशावरचे आहेत. कागद पाहिला की त्यांना नेहमी आधी कागदाचा वास आठवायचा. आता आठवला तो पोस्टकार्डांचा, कोऱ्या, पिवळ्या, किंचित धुळकट. कापडण्याजवळचं गाव. वडील सकाळी गेले होते. ओसरीत बायकांचा आकांत, आणि अंगणात लिंबाखाली बाजेवर बसलेला लोटन, ओठावर नुकती लव आलेला, टाक शाईत बुडवून पोस्टकार्डं लिहीत होता. लहान सुकदेवला त्यानं कोपरे फाडायचं काम दिलं होतं. सुकदेवनं आधी नखानं घडी घातली, मग घडीवर जिभेचं टोक फिरवलं, मग फाडलं. रेषेत. सगळे कोपरे सारखे. फाडलेली कार्डं त्यानं बाजेच्या कडेला ओळीनं मांडली, पतंगांसारखी. वडील मेल्याचं त्याला समजलं होतं, पण त्या समजण्याच्या खाली एक निराळंच काही होतं. इतकी सुबक गोष्ट त्याच्या हातून आयुष्यात झाली नव्हती. त्याला हसू आलं असावं. लोटननं मान वर केली आणि खाडकन थोबाडीत मारली. "सुक्या, दुःखानं फाड ना! दुःखानं!" दुःखानं कसं फाडतात ते सुकदेवला येत नव्हतं. लोटननं एक कार्ड घेऊन दाखवलं. त्याचा हात कापत होता; कोपरा वेडावाकडा, करवतीच्या दातांसारखा निघाला. सुकदेवनं पुढची सगळी कार्डं तशी फाडायचा प्रयत्न केला. ते वेडंवाकडंही त्याला एकसारखंच जमलं. म्हणजे हा साक्षात्कारही अनुरेखनच होतं तर. खाली कागद होता, फक्त फार खोल होता.

मग त्यांना एकदम धुळ्याचं कार्ड आठवलं, आणि ते रस्त्यातच थांबले. मागून आलेली सायकल त्यांच्या धोतराला घासून गेली. "काका, चालता का मरता?" सायकलवाला म्हणाला.

अबोल्याचं कारण तसं साधं होतं: लग्नपत्रिका. फैजपूरला दिलेल्या लेकीची पत्रिका त्यांनी स्वतः सजवली होती. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मधे गणपती, वर तोरण. केळीचे खांब एवढे भरदार आले, की निमंत्रकांच्या रांगेत एका नावाला जागाच उरेना. रांग वाढवली तर उजवा खांब डाव्यापेक्षा बुटका होई. ते एकटेच रात्रभर त्या खांबाशी भांडले होते. शेवटी खाली, नानांकडच्या लहान मुलांच्या ओळीत, रिकामी जागा सापडली. "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! गोटू, पिंटू, बेबी, लोटन." चार नावांनी तो कोपरा कसा छान भरून निघाला होता. लोटन नाना तेव्हा निवृत्तीला आलेले, मिशा पिळदार, धुळे-सुरत गाडीवर. त्यांनी काही भांडण केलं नाही. लग्नाच्या दिवशी एक कंडक्टर मांडवात आला आणि सगळ्यांदेखत निरोप सांगून गेला: "नानांनी सांगितलंय, गोटू, पिंटू, बेबीला पाठवतो आहे. लोटन येऊ शकत नाही. त्याचा गृहपाठ राहिला आहे."

त्यानंतर सात वर्षं कोणी कोणाकडे गेलं नव्हतं. सणाला, आजाराला, कशालाच नाही. आणि आता त्या माणसाला कोपरा कापलेला काळा कागद गेला होता. त्यावर सुकदेवचं हस्ताक्षर नाही, खाली सही परिवाराची; गेलं कोण, हे वेगळं सांगायला नको.

तारघरात सुकदेवरावांनी फॉर्म घेतला आणि लिहिलं: सुकदेव ठीक आहे. खिडकीतल्या बाबूनं ते वाचलं. "काय झालं होतं त्यांना?" त्यानं विचारलं. "काही नाही," सुकदेवराव म्हणाले. "मग तार कशाला?" ह्या प्रश्नापाशी ते थबकले. देवपूरच्या गल्लीत तारवाला शिरतो आहे, सायकलची घंटा वाजते आहे, आणि भागावहिनी, नानांची बायको, तारेचा लिफाफा बघताच, तो उघडायच्या आधी, ऊर बडवून घेते आहे. आधी कोपरा, त्यावर तार. मग तर खात्रीच. "राहू द्या," म्हणून त्यांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. एखाद्या माणसाला आपण जिवंत आहोत एवढंच कळवायचं असेल, तर त्याची सरकारनं काहीच सोय केलेली नव्हती.

"मग उठा आणि गाडी धरा," बेबाबाई म्हणाल्या. त्या चकल्या पाडत होत्या आणि त्यांना सगळा प्रकार एका वाक्यात कळला होता, कारण त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं होतं की कार्डाला काळा रंग नको. "पारोळ्यावरून गेलात तर दुपारपर्यंत पोचाल. समोर उभे रहा, म्हणा, मी आहे. एवढंच ना?"

"दिवाळीची गर्दी असेल."

"उभे जा."

"गुडघा..."

"अहो, तुम्ही मेले आहात तिकडे!"

सुकदेवरावांनी पिशवी भरली. टॉवेल घातला, चकल्यांचा डबा घातला. मग पिशवी मांडीवर घेऊन ते खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. सबबी खऱ्याच होत्या. पण त्यांच्या खाली एक निराळी गोष्ट हळूहळू वर येत होती, आणि ती वर येताना ते तिला थांबवत नव्हते. आपण धुळ्याला गेलो तर नानांना कळेल की सुकदेव जिवंत आहे. आणि जिवंत सुकदेवकडे नाना येणार नाहीत, हे सात वर्षांनी सिद्ध केलं होतं. पण मेलेल्याकडे? येतील की नाही? सुकदेवरावांना हे बघायचं होतं. असं बघणं वाईट आहे, हे त्यांना दिसत होतं. तिकडे एक म्हातारा माणूस थंड पाण्यानं डोक्यावरून आंघोळ करत असेल. किंवा करत नसेल. किंवा कार्ड फाडून गटारात टाकून मिशीला तेल लावत असेल. ही तिन्ही चित्रं ते आळीपाळीनं पाहत राहिले, आणि तिन्हींत आपण कुठेच नाही ह्याची त्यांना कोण मौज वाटली. मग मौज ओसरली. मांडीवरच्या पिशवीला चकल्यांचा वास येत होता. शेवटची सोईची गाडी गेली असेल अशा बेतानं त्यांनी डबा काढून बेबाबाईंना परत दिला. बेबाबाईंनी तो घेतला, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाट बघताय होय?" त्यांच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

नरकचतुर्दशीची पहाटेची पहिली आंघोळ त्यांनी उन्हं वर येईपर्यंत लांबवली. सुकदेवराव उघड्या अंगानं, पंचा नेसून, तेल आणि उटणं चोपडून पाटावर बसले होते, आणि बंबात पाणी उकळत होतं, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तो आवाज उठला. "मना देर वं माय! कथा गया वं मना भाऊ!" देर म्हणजे दीर, कथा म्हणजे कुठे, आणि असा हेल भागावहिनींशिवाय कोणाचा नव्हता. शेजारच्या खिडक्या उघडल्या. फटाके उडवणारी पोरं थांबली. सुकदेवरावांना क्षणभर खरोखरच आपल्यासाठी वाईट वाटलं. मग पंचा सावरत ते दारात आले. तोंडाला उटणं, केस तेलानं चपटे. भागावहिनींनी त्यांना पाहिलं, हेल मधेच तुटला, आणि त्या जिवंतपणीच्या साध्या आवाजात म्हणाल्या, "यांले तर आंघोळ घालीसन बसाडेल शे!"

"वहिनी, मी जिवंत आहे."

"बोलस बी!" भागावहिनी ओरडल्या आणि मागे सरकल्या.

त्यांच्या मागे लोटन नाना उभे होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. खांद्यावर कोरं पांढरं उपरणं होतं, घडीसकट. कशासाठी आणलं असेल ते सुकदेवरावांना लगेच कळलं. मेलेल्यावर घालायला कापड नातेवाईक आणतात. नानांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, गाडी सोडण्याआधी टायर बघावेत तसं. मग नजर काढून बेबाबाईंकडे वळवली.

"बेबा, तुना नवराले इचार, हाई काय शे?" खिशातून त्यांनी कार्ड काढलं. ते फाडलेलं नव्हतं. दोनदा घडी घातलेलं होतं.

"दिवाळीचं कार्ड आहे, नाना," सुकदेवराव म्हणाले.

"बेबा, त्याले सांग, मी तुले इचारी ऱ्हायनू."

"दिवाळीचं कार्ड आहे म्हणताहेत," बेबाबाई म्हणाल्या.

"त्याले सांग, दिवाळीना कार्डवर लक्ष्मी ऱ्हास. हत्ती ऱ्हास. हाई पाहीसन पोस्टमन उंबऱ्याबाहेरच उभा राह्यना. मनी बायकोनी रातभर रडीसन गल्ली जागी करी. मी दोन डोलच्या थंडगार पाणी वतीसन घिदं, आणि पहाटनी पह्यली गाडी धरी."

"नाना, बसा तरी," बेबाबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

"मेल्याच्या घरचा चहा चालत नाही," नाना शुद्ध मराठीत म्हणाले, कारण शेजारी ऐकत होते. मग सुकदेवरावांकडे न बघता, "पण हा मेलेला नाही म्हणतो, तर टाक."

भागावहिनींना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, पुन्हा रडल्या, पुन्हा हसल्या, आणि आत जाऊन बेबाबाईंच्या गळ्यात पडल्या. बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ राहिले. नाना कार्ड उलगडून खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. बराच वेळ. मग ते भिंतीला सांगितल्यासारखे म्हणाले, "कोपरा सरळ कापेल शे. गाडीत पारोळा येई लगून मी पाहत होतो. दुःखाचा कोपरा इतला सरळ नही ऱ्हास."

सुकदेवरावांच्या अंगावरचं उटणं वाळून ओढ बसायला लागली होती. पारोळा येईपर्यंत, म्हणजे निम्मा रस्ता. पारोळ्याला उतरून माणूस परतीची गाडी धरू शकतो. तीस वर्षं ह्याच मुलखात गाडी हाकलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको.

"मग आला कशाला?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच लहान वाटला.

नानांनी विचार केला. "म्हटलं, गेला असंल तर उत्तरकार्याची पत्रिका छापतील," ते म्हणाले. "त्यात तरी मना नाव पह्यलं येई. तू नसतास ना खांब काढाले."

हे खरं असावं. किंवा नसावं. सुकदेवरावांनी नानांच्या तोंडावर ते वाचायचा प्रयत्न केला, पण त्या चेहऱ्यावर सबंध खानदेशचे रस्ते होते आणि कोणत्याच वळणावर पाटी नव्हती. त्यांना वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. केळीच्या खांबाबद्दल, सात वर्षांबद्दल, त्या थोबाडीत मारलेल्या दिवसाबद्दल. वाक्य तयार होत होतं. ते चांगलं होतं, साधं होतं, आणि कोणाच्या रेषेवरून ओढलेलं नव्हतं.

"नाना, मी..."

पण नानांचं लक्ष नव्हतं. रात्रीच्या थंड पाण्यानं आणि गाडीतल्या काथ्याच्या गादीनं ते हैराण झालेले दिसत होते. त्यांनी उपरणं खुंटीला टांगलं, सदरा डोक्यावरून काढला, सुकदेवरावांच्याच पाटावर त्यांच्याकडे पाठ करून बसले, आणि एक खांदा वर, एक खाली करत, सात वर्षांत पहिल्यांदा भावाचं नाव घेऊन म्हणाले, "सुक्या, माझा हात पोचत नाही. जराशी पाठ खाजव. डावीकडे. अजून खाले."